दोन पत्र्यांमधली पट्टी

जुन्या एस.टी. गाडीची बाजू आपण सर्वांनीच जवळून पाहिलेली आहे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ओळीने बसवलेली छोटी गोल डोकी, आणि कुठे धक्का लागून पत्रा फाटला असेल तर त्यावर चारही बाजूंनी ठोकून बसवलेले चौकोनी ठिगळ. ही डोकी रिव्हेटची. विमानाचे अंगही अशाच पातळ पत्र्यांचे आणि अशाच रिव्हेटांचे बनलेले असते, फक्त तिथे रिव्हेटची संख्या लाखांत जाते. आणि विमानालाही ठिगळ लावावे लागते.

ठिगळ लावताना एक अडचण नेहमी येते. दोन पत्रे एकमेकांवर नीट टेकत नाहीत, मध्ये फट राहते. मग ती फट भरायला एक पातळ पट्टी घालतात. आपल्याकडच्या कारखान्यात तिला ‘पॅकिंग’ म्हणतात, विमानाच्या कामात ‘शिम’. शब्द साधा आहे, आणि तो साधा आहे हाच धोका आहे. वर्गातले टेबल डुगडुगू लागले की आपण पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो, तेही पॅकिंगच. ते कोणीही, कशाचेही, कसेही कापून घालावे, काही बिघडत नाही. विमानाच्या सांध्यातली पट्टी मात्र तशी नसते. या फरकाचा इतिहास आम्ही येथे सांगणार आहोत. तो फार जुना नाही, पण त्याची किंमत मोठी पडली आहे.

आधी प्रश्न असा की, पत्रे वेल्डिंगने का जोडत नाहीत? याचे उत्तर धातूतच आहे. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म हे धातुशास्त्रज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून पाहत होते. तो मिश्रधातू तापवून पाण्यात एकदम थंड केल्यावर पोलादासारखा कडक होईल अशी त्यांची अपेक्षा होती, पण झाला नाही. शनिवारी मोजमाप अर्धवट राहिले आणि सोमवारी पुन्हा मोजले, तर तोच तुकडा आपोआप कितीतरी कडक झालेला! थंड केल्यानंतर काही दिवस तो नुसता पडून राहिला तरी त्याच्या अंतर्गत रचनेत बदल होत राहतो, हे असे कळले. यातूनच ‘ड्युराल्युमिन’ आले, आणि पुढे झेपेलिन हवाई जहाजांचे सांगाडे व विमानांची अंगे त्याची बनू लागली. पण अशा धातूला वेल्डिंगची आच लागली की त्याचा कमावलेला कडकपणा त्या जागी जातो, शिवाय वेल्डच्या रेषेवर तडे जाण्याची भीती असते. म्हणून रिव्हेट.

रिव्हेटची गंमत वर्गात सांगण्यासारखी आहे. काही जातींचे रिव्हेट त्याच मिश्रधातूचे असतात. ते तापवून थंड केल्यावर थोडा वेळ मऊ असतात, त्याच वेळात ठोकायचे. उशीर झाला तर कडक होतात आणि ठोकताना फुटतात. म्हणून कारखान्यात ते गोठणबिंदूच्या खाली शीतपेटीत ठेवत, म्हणजे कडक होण्याची क्रिया थबकते. लागतील तेवढेच बाहेर काढायचे. कामगार त्यांना ‘आइसबॉक्स रिव्हेट’ म्हणत. रासायनिक क्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य इथे रोजच्या कामाचा नियम झालेले दिसते.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. टेबलाखालच्या पुठ्ठ्यावर फक्त वरून दाब येतो. तो पुठ्ठा पायाखाली दाबलेला असतो, तेवढे पुरे. रिव्हेटने जोडलेले दोन पत्रे मात्र एकमेकांना बाजूला ओढतात. एक पत्रा वर खेचला जातो, दुसरा खाली, आणि मधला रिव्हेट कात्रीत सापडल्यासारखा कापला जाऊ पाहतो. पत्रे एकमेकांना चिकटून असतील तर रिव्हेट हा भार चांगला पेलतो. त्यांच्यामध्ये सैल पट्टी घातली तर? भिंतीतल्या खुंटीचा विचार करा. पिशवी भिंतीलगत अडकवली तर खुंटी काही करत नाही. टोकाला अडकवली तर ती वाकते. वजन तेच, पण अंतर वाढले. सैल पट्टीमुळे दोन पत्र्यांमधले अंतर वाढते, रिव्हेट कापला जाण्याबरोबर वाकूही लागतो, भोकाच्या कडेवर ताण एकवटतो.

यावरचा उपाय असा. पट्टी सांध्याच्या पलीकडे थोडी लांब ठेवायची आणि त्या वाढीव भागात तिला स्वतःचे जादा रिव्हेट ठोकून एका पत्र्याशी पक्के करायचे. मग ती पट्टी नुसती भरणी राहत नाही. ती त्या पत्र्याचाच भाग होते, भार तिच्यातूनही वाहतो. फार पातळ पट्टी असेल तर हे लागत नाही, जाड असेल तर लागतेच. म्हणजे पट्टी कोणत्या धातूची यापेक्षा ती कशाला आणि किती रिव्हेटांनी बांधली आहे यावर तिचे काम ठरते. पाहणाऱ्याला दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात.

दुसरी गोष्ट लक्षात ठेवायची ती धातूच्या शिणाची. लोखंडी तार एकदा वाकवली तर मोडत नाही, पुन्हापुन्हा वाकवली तर मोडते. १९५४ साली ब्रिटिशांच्या कॉमेट जातीची दोन जेट विमाने चार महिन्यांच्या आत भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली, एक १० जानेवारीला एल्बा बेटाजवळ, दुसरे ८ एप्रिलला नेपल्सच्या बाजूला. मग फार्नबरो येथे एक आख्खे कॉमेट पाण्याच्या टाकीत बुडवून त्याच्या आत पाण्याचा दाब वारंवार वाढवला-उतरवला गेला. प्रत्यक्षातली आणि टाकीतली मिळून सुमारे तीन हजार ‘उड्डाणे’ झाल्यावर त्याचे अंग फाटले. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, आत मात्र माणसांसाठी दाब ठेवावा लागतो. म्हणजे प्रत्येक उड्डाणात विमानाचे अंग एकदा फुगते आणि एकदा सैल होते. या हिशेबात किती तास उडाले यापेक्षा किती वेळा उडाले हे महत्त्वाचे.

२ जून १९७८ रोजी जपान एअरलाइन्सचे एक बोइंग ७४७ विमान ओसाकाच्या इतामी विमानतळावर उतरताना त्याचे नाक फार वर राहिले आणि शेपटीचा तळ धावपट्टीवर घासला. हे विमान ‘एसआर’ जातीचे, म्हणजे जपानच्या अंतर्गत, छोट्या पल्ल्याच्या आणि सतत भरलेल्या मार्गांसाठी बनवलेले. दिवसात अनेक उड्डाणे हेच त्याचे आयुष्य. शेपटीत, प्रवाशांच्या कक्षाच्या अगदी मागे, उघडलेल्या छत्रीच्या आकाराची एक धातूची भिंत असते. तिच्या पुढे दाबाची हवा, मागे बाहेरची विरळ हवा. तिला दाबभिंत म्हणू. तिचा व्यास सुमारे साडेचार मीटर, आणि पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. छत्रीच्या काड्यांसारख्या आधारपट्ट्यांमुळे ती ताठ राहते.

या भिंतीवर किती भार येतो, ते गणित मुलांकडून करवून घेता येईल. आत-बाहेरच्या दाबातला फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.६ किलो धरा. भिंतीच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर. उत्तर येते ९६ हजार किलो, म्हणजे ९६ टन. प्रत्येक उड्डाणात एवढा भार एकदा चढतो आणि एकदा उतरतो.

शेपटी घासली तेव्हा या भिंतीचा खालचा अर्धा भाग वाकला. बोइंग कंपनीची दुरुस्ती करणारी तुकडी हानेदा विमानतळावर आली, आणि जून-जुलैमध्ये काम झाले. खालचा अर्धा भाग काढून नवा बसवायचा आणि वरच्या जुन्या अर्ध्याशी जोडायचा, असा बेत. पण नवा आणि जुना भाग जुळवून पाहिल्यावर काही ठिकाणी दोन्ही पत्रे एकमेकांवर पुरेसे येईनात. रिव्हेटच्या भोकापासून पत्र्याच्या कडेपर्यंत पुरेसे अंतर हवे, सर्वसाधारणपणे रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट. नाहीतर भोक कडेला फाटते. कापडाच्या अगदी काठावर टाका घातला की उसवतो, तसेच.

अभियंत्यांनी काढलेला तोडगा बरोबर होता. वरच्या आणि खालच्या पत्र्यांच्या मध्ये एक अखंड जोडपट्टी घालायची आणि रिव्हेटच्या तीन रांगा मारायच्या. पहिली रांग वरचा पत्रा आणि पट्टी यांच्यातून, मधली रांग तिन्हींतून, तिसरी रांग पट्टी आणि खालचा पत्रा यांच्यातून. अशाने वरच्या पत्र्याचा भार दोन रांगांनी पट्टीत उतरतो आणि पुढच्या दोन रांगांनी खालच्या पत्र्यात जातो.

प्रत्यक्षात काय झाले? पट्टी अखंड घातली गेली नाही. एका ऐवजी दोन तुकडे बसले: एक अरुंद जोडपट्टी आणि उरलेली जागा भरायला एक वेगळी भरणीची पट्टी. दोन्हींमधली चीर पहिल्या आणि मधल्या रांगेच्या मध्ये आली. पहिल्या रांगेचे रिव्हेट जागेवर होते, पूर्ण ठोकलेले होते. पण त्यांनी वरचा पत्रा फक्त त्या भरणीच्या तुकड्याला बांधला होता, आणि तो तुकडा पुढे कशालाच बांधलेला नव्हता. ती रांग बेकार झाली. दोन रांगांचे काम एकट्या मधल्या रांगेवर आले.

हे नुसते वाचून पटकन ध्यानात येत नाही, निदान आम्हाला आले नाही. म्हणून जुन्या लग्नपत्रिका घेऊन आम्ही करून पाहिले. जाड कागदाच्या दोन पट्ट्या घ्या, त्यांची टोके दीड-दोन सेंटिमीटर एकमेकांवर येऊ द्या आणि मध्ये पाचेक सेंटिमीटर रुंदीचा तिसरा तुकडा सारा. सुईदोऱ्याने वर सांगितल्याप्रमाणे तीन रांगा शिवा. दुसरी जोडी अगदी तशीच करा, पण मधला तुकडा शिवण्याआधी अशा जागी कापून घ्या की चीर पहिल्या आणि मधल्या रांगेच्या मध्ये यावी. दोन्ही जोड्यांवर शिलाईच्या तीन-तीन रांगा दिसतील. चीर एका बाजूने वरच्या कागदाखाली झाकली जाईल आणि दुसऱ्या बाजूने खालच्या कागदाच्या काठाशी लपेल. आता दोन्ही ओढून पाहा. प्रयोग करताना विद्यार्थ्यांना आधी अंदाज करायला लावावे. कोणती जोडी आधी उसवेल हे वरून पाहून ओळखता येत नाही, हाच त्यातला धडा आहे. विमानात तर त्या कडांवर हवा झिरपू नये म्हणून चिकट लेपही दिलेला असतो.

चुकीच्या सांध्याची ताकद योग्य सांध्याच्या सुमारे ७० टक्केच होती, असे पुढे जपानी चौकशी आयोगाने काढले. ७० टक्के ऐकायला वाईट वाटत नाही. परीक्षेत तर पहिला वर्ग! आणि खरोखरच विमान लगेच फुटले नाही. दुरुस्तीनंतर ते सात वर्षे उडत राहिले, बारा हजारांहून अधिक वेळा. पण शिणाचे गणित सरळ प्रमाणाचे नसते. ताण थोडा वाढला की धातूचे आयुष्य कितीतरी पटींनी घटते. मधल्या रांगेच्या भोकांच्या कडांना केसासारखे तडे पडले, प्रत्येक उड्डाणागणिक ते किंचित वाढत गेले. एकाच भोकाशी मोठा तडा गेला असता तर कदाचित तो आधारपट्टीपाशी थांबला असता. अशी भिंत एका जागी फाटली तरी तेवढाच भाग उघडावा आणि दाब तिथून निसटावा, अशाच हिशेबाने ती रचलेली असते. पण येथे ओळीतल्या भोकाभोकाशी लहान लहान तडे होते. टपाल तिकिटांच्या कागदावर छिद्रांची रांग असते, ती जशी एका ओढीत फाटते, तशी ही रेषा फाटायला तयार झाली.

१२ ऑगस्ट १९८५. जपानमध्ये ओबोन सणाच्या सुट्टीचे दिवस. आपल्याकडे दिवाळीला गावी जातात तशी माणसे घरी निघालेली. संध्याकाळी ६ वाजून १२ मिनिटांनी विमान तोक्योच्या हानेदाहून ओसाकाकडे निघाले. त्यात ५०९ प्रवासी आणि १५ कर्मचारी होते. बारा मिनिटांनी, सुमारे २४ हजार फूट उंचीवर, ती रेषा फाटली. दाबाची हवा शेपटीत घुसली आणि उभ्या शेपटीचा बराचसा भाग उडवून घेऊन गेली. विमानाची पृष्ठे हलवणाऱ्या द्रवदाबाच्या चार स्वतंत्र व्यवस्था होत्या. एक बिघडली तर दुसरी, म्हणून चार. पण चारींच्या नळ्या शेपटीतून जात होत्या, आणि चारी तुटल्या. वैमानिकांनी फक्त इंजिनांची शक्ती कमी-जास्त करून ते विमान ३२ मिनिटे हवेत ठेवले. त्या वेळात काही प्रवाशांनी घरच्यांसाठी चिठ्ठ्या लिहिल्या, त्या नंतर सापडल्या. ६ वाजून ५६ मिनिटांनी विमान गुन्मा प्रांतात ओसुताकाच्या डोंगरावर कोसळले. ५२० माणसे मृत्यू पावली, चार वाचली. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसे तोवर कधी गेली नव्हती, आणि त्यानंतरही गेलेली नाहीत.

दाबभिंतीचे तुकडे डोंगरावरून गोळा करून जुळवण्यात आले. सांध्याच्या रेषेवर, मधल्या रांगेच्या भोकांशी, शिणाचे तडे सापडले, आणि त्या रेषेतच ते दोन तुकडे. बोइंगने दुरुस्ती चुकल्याचे मान्य केले. आयोगाचा अहवाल जून १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ७४७ विमानांत फरकही केले गेले. उभ्या शेपटीकडे हवा जाऊ नये म्हणून तिथल्या उघड्या जागेवर झाकण आले, आणि नळी तुटली तरी सगळा द्रव वाहून जाऊ नये अशी सोय द्रवदाबाच्या व्यवस्थेत झाली. वैमानिकांविषयी येथे एक सांगावेसे वाटते. ३२ मिनिटे ते जे करत होते ते कोणत्याही पुस्तकात नव्हते. दोष जिथे झाला ती जागा त्यांच्या पाठीमागे, सात वर्षे जुनी आणि लेपाखाली झाकलेली होती.

ही एकच घटना असती तर अपवाद म्हणून सोडून देता आली असती. २५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला निघालेले चायना एअरलाइन्सचे ७४७ विमान तैवानच्या पश्चिमेस पेंगहू बेटांजवळ आकाशातच तुटले. २२५ जण गेले. त्याचीही शेपटी घासली होती, ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगला, बावीस वर्षांपूर्वी! तेव्हा ओरखडे पडलेला पत्रा कापून टाकायला हवा होता, किंवा निदान ठिगळ ओरखड्यांच्या बरेच पलीकडे जायला हवे होते. प्रत्यक्षात ओरखडे तसेच ठेवून त्यावर ठिगळ बसवले गेले, आणि तेही अपुरे. तडा ठिगळाखालच्या जुन्या पत्र्यात वाढत गेला. बाहेरून पाहणाऱ्याला दिसत होते ते शाबूत ठिगळ. अपघाताच्या काही महिने आधी, २००१ मध्ये काढलेल्या छायाचित्रांत ठिगळाच्या कडेने तपकिरी डाग दिसत होते. आतली हवा फटीतून बाहेर झिरपत राहिली की तिच्यातली काजळी अशी कडेला साचते. डाग दिसले होते, त्यांचा अर्थ लावला गेला नव्हता.

दोन्ही गोष्टींत धातू चांगला होता, रिव्हेट चांगले होते, आणि कागदावरचा नियमही माहीत होता. चुकले ते एवढेच की, मधला तुकडा किंवा वरचे ठिगळ यांचे काम जागा भरण्याचे, झाकण्याचे आहे असे कोणीतरी धरले, भार पुढे नेण्याचे नाही. आम्हाला वाटते, ‘पॅकिंग’ हा शब्द वापरताना आपल्याकडच्या तंत्रशाळांतूनही हा फरक सांगायला हवा. दाबाखालची भरणी आणि ओढीतली भरणी, असे निदान दोन शब्द हवेत. आता फट भरायला घट्ट होणारे राळेसारखे लेपही वापरतात, पण तेही भार एका पत्र्यातून दुसऱ्यात नेणारी पट्टी ठरत नाहीत. ते काम रिव्हेटच्या रांगांनाच करावे लागते.

जपान एअरलाइन्सने २००६ साली हानेदा विमानतळाच्या परिसरात एक सुरक्षा केंद्र उघडले. कंपनीच्या नव्या कर्मचाऱ्यांना तेथे नेतात. अपघाताचे अवशेष तेथे मांडलेले आहेत. त्यात ती दाबभिंतही आहे, तुकडे जुळवून उभी केलेली, आणि वरचा अर्धा भाग खालच्याशी जोडणारी रेषा तीत हाताच्या अंतरावरून पाहता येते.